विजयदुर्गचे कट्टे आणि सूर्याचे हेलकावे

राजापूरहून विजयदुर्ग नकाशात अगदी शेजारी दिसतो. पण मध्ये वाघोटणची खाडी आडवी पडली आहे. त्यामुळे महामार्ग धरून खारेपाटण, तळेरे करत दक्षिणेला जायचे, तळेऱ्याहून उजवीकडे वळायचे आणि वाघोटण, पडेल, गिर्ये अशी गावे मागे टाकत पुन्हा समुद्राकडे यायचे. जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही हा वळसा घातला. सोबत अम्मी, बेगम, आठवीतली आयेशा आणि चौथीतला जैद. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सोड्यांचे सुके. गाडी मेहुण्यांची, म्हणून खड्डे पाहून जरा जपूनच चाललो होतो.

खरे सांगायचे तर ही सहल नव्हती, तपासणी होती. आणि तपासणी आमचीच होती.

आम्ही उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. मराठीच्या तासाला गेली दहा-बारा वर्षे विजयदुर्गवर एक निबंध मुलांकडून लिहून घेत आलो. त्यातले एक वाक्य ठरलेले असे: १८ ऑगस्ट १८६८ रोजी सर नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला. या निबंधावर आमच्या एका विद्यार्थ्याने स्पर्धेत बक्षीसही मिळवले. यंदा आयेशाने विज्ञानाच्या प्रकल्पासाठी ‘सूर्य’ हा विषय घेतला, आठवडाभर वाचले आणि एका रात्री जेवताना म्हणाली, “अब्बा, १८६८ मध्ये लॉकियर हिंदुस्थानात नव्हतेच. तुम्ही मुलांना चुकीचं सांगता.”

घास हातातच राहिला. आधी राग आला, तो लपवत नाही. किल्ल्यावर कट्टे आहेत, लोक त्यांना साहेबाचे कट्टे म्हणतात, १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. हे सगळे काय उगाच? पण तिचे कागद वाचले, शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना दाखवले, त्यांनी आणखी वाचायला दिले. मुलगी बरोबर होती.

घडले ते असे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण हिंदुस्थानातून दिसले, हे खरे. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन आंध्रातल्या गुंटूरला होते. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांचा प्रकाश त्यांनी लोलकातून पाहिला. त्यातल्या रेषा इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसाव्यात, असे त्यांना वाटले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या पाहिल्याही. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी २० ऑक्टोबरला तिथूनच, ग्रहणाशिवाय, हीच करामत स्वतंत्रपणे साधली. त्या प्रकाशात एक पिवळी रेषा अशी होती की ती पृथ्वीवरच्या कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना. लॉकियर यांनी ती नव्या द्रव्याची ठरवली आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले. १८९५ मध्ये रॅम्झी यांना हेलियम पृथ्वीवरच्या एका खनिजात सापडला, तेव्हा कुठे सगळ्यांची खात्री पटली.

मग विजयदुर्गचा साहेब कोण? साहेब लॉकियरच. पण ते आले तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्या ग्रहणाची सावली आपल्या कोकण किनाऱ्यावरून देशात शिरली. लॉकियर यांनी छावणीसाठी विजयदुर्ग निवडला. ब्रिटिश आरमाराची ‘मेलपोमीन’ ही युद्धनौका त्यांच्या दिमतीला होती, आणि तिच्यावरच्या अधिकाऱ्यांना व खलाशांना शिकवून त्यांनी निरीक्षक बनवले होते. ते हेलियम शोधायला आलेच नव्हते. ते आले होते सूर्याचा मुकुट पाहायला.

या मुकुटाचे शास्त्रीय नाव घेतले की हल्ली मुले हसतात. नाव आहे करोना. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मुकुट. २०२० साली ज्या विषाणूने आपल्याला घरात कोंडले, त्याच्या अंगावरचे काटेही सूक्ष्मदर्शकातून असेच दिसतात, म्हणून त्यालाही तेच नाव पडले. आम्ही इथे प्रभामंडळ म्हणू, म्हणजे घरातल्या थोरांच्या मनात नको त्या आठवणी यायच्या नाहीत.

प्रभामंडळ म्हणजे सूर्याभोवती लाखो किलोमीटर पसरलेले अतिशय विरळ वायूचे आवरण. सूर्याच्या तबकडीच्या मानाने त्याचा उजेड सुमारे दहा लाखांत एक. भर दुपारी अंगणात काजवा दिसत नाही, तसेच हे. ग्रहणात चंद्राने तबकडी पूर्ण झाकली की तेवढ्यापुरते ते मोत्याच्या रंगाचे दिसते आणि सूर्य डोकावला की नाहीसे होते. विजयदुर्गला १८९८ मध्ये हा अवधी मिळाला दोन मिनिटांच्या आसपास. एवढ्यासाठी माणसे सातासमुद्रापलीकडून आली होती.

आम्ही हिजरी तारखेचा हिशेब करून पाहिला. तो शाबान १३१५ चा शेवट होता. सूर्यग्रहण नेहमी अमावास्येलाच लागते, म्हणजे चांद्र महिना सरताना. त्या आठवड्यात किनाऱ्यावरच्या आपल्या गावांतले लोक संध्याकाळी रमजानच्या चाँदसाठी पश्चिमेकडे नजर लावून उभे राहिले असतील. त्याच चंद्राने दुपारी सूर्य झाकला होता.

किल्ल्याबद्दल फार लिहीत नाही, त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. शिलाहारांच्या काळापासूनचा, पुढे आदिलशाहीतला, शिवाजी महाराजांनी घेऊन विजयदुर्ग नाव दिलेला, आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे असलेला हा किल्ला. तीन बाजूंना पाणी, तिहेरी तटबंदी. इंग्रज कागदपत्रांत हा घेरिया. अम्मींना गुडघ्यांमुळे चढण सोसत नाही, म्हणून आम्ही बसत बसत गेलो. जैदला फक्त तोफांत रस होता.

कट्टे पाहिले. दगडी चौथरे, वर गवत, समोर उघडा समुद्र. दुर्बीण रोवायला अशी घट्ट आणि सपाट जागा लागते, एवढे आम्हालाही कळते. ते १८९८ च्या छावणीचे असावेत, असा आमचा कयास. तिथे एक वयस्कर गृहस्थ पर्यटकांच्या एका टोळक्याला माहिती देत होते. “हेलियमचो शोध हयच लागलो,” ते म्हणाले. आयेशाने आमच्याकडे पाहिले. आम्ही दुसरीकडे पाहिले. टोळके पुढे गेल्यावर मात्र राहवेना. आम्ही विचारले, “काका, १८९८ चं ग्रहणपण साहेबानं इथूनच पाहिलं होतं ना? मोठं जहाज घेऊन?”

काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, “आगबोटीची गजाल आमच्या आज्याच्या तोंडी होती. हेलियमची नाय. हेलियम आमी मागाहून पुस्तकात वाचलाव.”

म्हणजे गावाची आठवण बरोबर होती आणि पुस्तक शिकलेल्या आमच्यासारख्यांनी ती चुकीच्या सालाला नेऊन बांधली. काका काही रागावले नाहीत. त्यांनी आयेशाकडून १८९८ हा आकडा दोनदा विचारून घेतला.

आता त्या दोन मिनिटांकडे येऊ. लॉकियर यांनी खलाशांच्या हाती कागद-पेन्सिली दिल्या होत्या. दिसेल ते प्रभामंडळ काढायचे. कॅमेरेही होते, आणि लोलक लावलेला एक खास कॅमेराही होता. चित्रे काढणाऱ्यांची पंचाईत आयेशाने अचूक पकडली. ती म्हणाली, “दोघांच्या चित्रात किरण वेगवेगळ्या जागी आला, तर किरण हलला की काढणाऱ्याचा हात?” याला उत्तर नाही. फोटोलाही नाही. फोटो म्हणजे थांबलेला क्षण. झाडाच्या एका फोटोवरून वारा होता की नव्हता, हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून प्रभामंडळ त्या काळी डोळ्यांना पाऱ्यासारखे स्थिर, गोठलेले वाटले. ते हेलकावत असेल, हे कळायला त्याच्याकडे सलग पाहत राहावे लागते, आणि सलग पाहणे दोन मिनिटांत होत नाही.

त्या ग्रहणाने एक चूक मात्र दुरुस्त केली. १८६९ मध्ये अमेरिकेतल्या ग्रहणात प्रभामंडळाच्या प्रकाशात एक हिरवी रेषा सापडली होती. हेलियमसारखेच हेही नवे द्रव्य समजून त्याला ‘करोनियम’ नाव दिले गेले. या रेषेची जागा जवळजवळ तीस वर्षे सगळे चुकीची धरून चालले होते, ५३१७ च्या आसपास (ही प्रकाशाची लांबी मोजायची अगदी बारीक एकके). १८९८ मध्ये हिंदुस्थानात घेतलेल्या फोटोंवरून कळले की रेषा ५३०३ ला आहे. आणि करोनियम? ते नव्हतेच. १९४० च्या सुमारास ग्रोट्रियन आणि एडलेन या शास्त्रज्ञांनी दाखवले की ही रेषा आपल्या साध्या लोखंडाची आहे, पण त्या लोखंडाच्या अणूतले २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गळून पडलेले आहेत. एवढे इलेक्ट्रॉन गळायला उष्णता लागते दहा-वीस लाख अंशांची.

इथे विज्ञानाचे सरही क्षणभर थांबले होते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आणि त्याच्या वरचे आवरण दहा-वीस लाखांचे! चुलीपासून लांब जावे तसा गारवा वाटायला हवा. इथे चुलीपेक्षा माजघर तापलेले. हे कसे होते, यावर आजही एकमत नाही. एक मत असे की लहान लहान असंख्य स्फोट हे आवरण तापवतात. दुसरे असे की खालून वर जाणाऱ्या लाटा ही उष्णता पोहोचवतात. १९४२ मध्ये आल्फवेन या स्वीडिश शास्त्रज्ञांनी विजेच्या भाराने भरलेल्या वायूत चुंबकीय क्षेत्राच्या रेषांवरून लाटा धावू शकतात, असे गणिताने मांडले होते. पुढे १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण प्रभामंडळातली लाट डोळ्यांनी बघायची कशी?

या ठिकाणी आम्हाला १९९५ आठवते. २४ ऑक्टोबरचे ग्रहण. दिवाळीची सुट्टी होती, आम्ही नववीत होतो. आमच्याकडे ते खंडग्रास होते. दादीने सकाळपासून दारे-खिडक्या लावून घेतल्या, अब्बा आम्हाला मशिदीत कुसूफच्या नमाजला घेऊन गेले. (सूर्याचे ते कुसूफ, चंद्राचे ते खुसूफ, मुले यात नेहमी गोंधळतात.) नमाज लांबली, बाहेर आलो तेव्हा सगळे संपत आले होते. दादीने परातीत पाणी ठेवले होते, त्यात बिंब दिसेल म्हणून. अबू रैहान अल-बिरूनींनीही पाण्यातले प्रतिबिंब पाहायचा सल्ला दिला होता आणि तरुणपणी ग्रहणे पाहून आपली नजर अधू झाल्याचे लिहून ठेवले आहे. आज डॉक्टर पाण्यातलेही पाहू नका म्हणतात, ग्रहणाचा खास चष्माच हवा. एकूण आम्हाला काही दिसले नाही.

त्याच सकाळी उत्तर प्रदेशात यमुनेकाठच्या कालपीला बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अॅस्ट्रोफिजिक्सची मंडळी उपकरणे लावून बसली होती. खग्रास अवस्था जेमतेम एका मिनिटाच्या आसपास. त्यांनी चित्र काढले नाही. प्रभामंडळाचा उजेड क्षणाक्षणाला मोजला. तो सारखा नव्हता, काही सेकंदांच्या तालावर कमीजास्त होत होता, असे त्यांनी नंतर मांडले. आम्ही मशिदीत सजद्यात असताना कुणीतरी सूर्याची नाडी धरून बसले होते, हे इतक्या वर्षांनी समजले तेव्हा फार बरे वाटले.

पण खरे दर्शन घडले ते आकाशातून. एप्रिल १९९८ मध्ये अमेरिकेने ‘ट्रेस’ नावाचा उपग्रह सोडला. पृथ्वीच्या हवेच्या बाहेर गेले की ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही. शिवाय ट्रेस अतिनील किरणांत पाहत होता आणि त्या किरणांत तापलेले प्रभामंडळच उजळ दिसते. शाळेत कागदावर लोहकीस टाकून खाली चुंबक धरला की कमानी तयार होतात, तशाच वायूच्या कमानी तिथे दिसतात, कारण तो वायू चुंबकीय रेषा सोडून जाऊ शकत नाही. १४ जुलै १९९८ रोजी सूर्यावर एक स्फोट झाला आणि शेजारच्या कमानी झुलू लागल्या. सलग घेतलेल्या चित्रांत ते स्पष्ट दिसले. विजयदुर्गच्या छावणीला बरोबर शंभर वर्षे झाली होती.

त्यातली एक कमान १ लाख ३० हजार किलोमीटर लांब होती, म्हणजे दहा पृथ्वी ओळीने ठेवाव्यात एवढी. ती दोन्ही बाजूंना सुमारे दोन-दोन हजार किलोमीटर झुलत होती, जणू कोकणातून काश्मीरला जाऊन परत. एका हेलकाव्याला लागत होती सुमारे सव्वाचार मिनिटे. तीन-चार हेलकाव्यांत जोर ओसरला.

हे आकडे आयेशाने किल्ल्यावरच वाचून दाखवले, पण अम्मींना काही पटेना. “आगीची कमान झुलते म्हणजे काय?” त्यांचे म्हणणे बरोबर होते. आकड्यांनी काही दिसत नाही.

दिसले ते खाली धक्क्यावर. ऊन उतरल्यावर आम्ही तिथे डबा उघडून बसलो होतो. पाणी शांत होते, दोरांनी बांधलेल्या लहानमोठ्या होड्या उभ्या होत्या. तेवढ्यात एक मच्छीमारी ट्रॉलर फटफटत निघाला. तो गेला, त्याच्या मागची लाट पसरत आली आणि बांधलेल्या सगळ्या होड्या डुलायला लागल्या. ट्रॉलर लांब निघून गेला तरी त्या डुलतच होत्या. आयेशा उठून उभी राहिली. “दादी, हेच! ट्रॉलर म्हणजे स्फोट. होड्या म्हणजे कमानी.”

मग मोबाइलवर घड्याळ लावून दोघे भावंडे मोजायला बसली. लहान होडी भरभर हलत होती, मोठी लाँच संथ. जैदच्या लक्षात आले की प्रत्येक होडीचा ताल वेगळा आहे, पण आपापला ताल ती सोडत नाही. हेच तर सगळ्याचे मर्म आहे. होडीवर न चढता, तिचा डोल पाहून ती जड की हलकी, याचा अंदाज बांधता येतो. तंबोऱ्याची तार किती ताणली आहे, हे कान सांगतो. सूर्याच्या कमानीला हात लावायला कुणी जाणार नाही. पण तिची लांबी ठाऊक असली, आतला वायू किती दाट हे ठाऊक असले आणि एका हेलकाव्याचा वेळ मोजला, तर तिला ताणून धरणारे चुंबकीय क्षेत्र किती बळकट आहे, हे काढता येते. २००१ मध्ये नकारियाकोव्ह आणि ऑफमन यांनी ते काढले. उत्तर आले १३ गॉस, नऊने इकडे-तिकडे. पृथ्वीचे क्षेत्र जेमतेम अर्धा गॉस. तेरामध्ये नऊची चूकभूल म्हणजे फारच सैल माप, असे बेगम म्हणाल्या. त्या हिशेबाच्या पक्क्या आहेत. पण ज्याचे माप घेणे अशक्यच वाटत होते, त्याचे एवढे तरी हाती आले.

होड्यांचे डुलणे थांबत आले तरी पूर्ण थांबले नव्हते. धक्क्यावर पाणी कधीच गप्प नसते. प्रभामंडळाचेही तसेच निघाले. पुढच्या वर्षांत अधिक बारीक नजरेच्या उपग्रहांनी दाखवले की कुठलाही स्फोट झाला नसताना काही कमानी अगदी थोड्या, पण सतत झुलत असतात. २००७ मध्ये तर हवाई बेटांवरच्या दुर्बिणीतून नव्हे, अमेरिकेच्याच दुसऱ्या एका जमिनीवरच्या दुर्बिणीला लावलेल्या उपकरणाने साऱ्या प्रभामंडळात अशा लाटा पसरलेल्या पाहिल्या. त्यांचा ताल पाच मिनिटांच्या आसपास. सूर्याचा पृष्ठभागही पाच मिनिटांच्या तालावर वर-खाली होतो, हे १९६० च्या दशकापासून माहीत होते. खालची थरथर वर पोहोचते, असे दिसते. तीच वरच्या माजघराला तापवते का, त्याला ती पुरी पडते का, यावर वाद चालू आहे.

आता यात आपलाही डोळा आहे. २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून निघालेले आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या जागी पोहोचले. तिथे सूर्य कधी मावळत नाही. त्याच्यावरच्या एका उपकरणात चंद्राचे काम करणारी व्यवस्था आहे. सूर्याची तबकडी झाकून ते प्रभामंडळ पाहते. ते बनवले बेंगळुरूच्या त्याच संस्थेने, जिची माणसे कालपीला गेली होती. पुण्याच्या आयुकाने केलेली ‘सूट’ ही दुर्बीणही त्याच यानावर आहे. आणि हे बेंगळुरूचे उपकरण ज्या रेषांत पाहते, त्यातली एक आहे ५३०३ ची हिरवी रेषा. १८९८ च्या ग्रहणाने जिची जागा नीट लावून दिली, तीच. हे वाचले तेव्हा आम्ही आयेशाला दोनदा विचारले, नक्की ना?

परत निघण्याआधी आम्ही अम्मींना म्हणालो की आता वर्गात काय सांगावे, हा पेच आहे. गावाला हेलियमचा अभिमान आहे, शाळेला बक्षीस आहे. एक वाक्य तसेच राहिले तर कुणाचे काय बिघडते? अम्मी जास्त शिकलेल्या नाहीत, पण सीरत त्यांनी आयुष्यभर ऐकली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम वारले त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले, आणि सूर्यसुद्धा शोक करतो आहे असे लोक म्हणू लागले, ती हकिकत आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असेल. कुणाच्या मरणाने किंवा जन्माने ग्रहण लागत नाही, हे त्यांनी तेव्हा लोकांना समजावले होते. अम्मींनी तिचीच आठवण दिली. म्हणाल्या, “पोटच्या लेकराची मय्यत झाली त्या दिवशीसुद्धा त्यांनी लोकांची गोड समजूत राहू दिली नाही. तुझा तर एक निबंध आहे.”

सोमवारी फळ्यावर दोन साले लिहिली, १८६८ आणि १८९८. कोण कुठे होते ते सांगितले. होड्यांचे चित्र काढले. ते काही चांगले आले नाही. मुले शांत होती. मग मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, मग दादाचं बक्षीस परत द्यायचं का?” बक्षीस मिळवणारा मुलगा त्याचा मोठा भाऊ. आम्ही त्याला म्हटले, बक्षीस भाषेचे होते, ते राहू दे. चूक सरांची होती. त्याचे समाधान झाले की नाही, कळले नाही. संध्याकाळी त्या मोठ्या भावाला फोन करून आम्ही स्वतः सांगितले. तो आता पुण्यात नोकरीला आहे. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “मग त्या साहेबाला विजयदुर्गात दिसलं तरी काय?” अर्धा तास बोलत होतो.

एक बातमी सांगायची राहिली. येत्या २ ऑगस्ट २०२७ ला मोठे खग्रास ग्रहण आहे. आपल्या पश्चिम भागातून ते संध्याकाळी खंडग्रास दिसेल. पण पूर्ण सावली जाणार आहे मोरोक्को, अल्जेरिया, इजिप्त आणि पुढे सौदी अरबमधून. जिद्दा आणि मक्का दोन्ही तिच्या वाटेत आहेत. मक्केत सूर्य पाच मिनिटांहून थोडा अधिक वेळ पूर्ण झाकलेला असेल. कमानीचा एक पुरा हेलकावा सव्वाचार मिनिटांचा. तो त्यात मावतो. नुसत्या डोळ्यांना कमानी झुलताना दिसणार नाहीत, पण मोत्याच्या रंगाचे प्रभामंडळ दिसेल.

आयेशाचे मामू जिद्द्यात असतात. तिने त्यांना फोनवर सगळे बजावून सांगितले: आधीपासून चष्मा मागवा, खग्रास होईपर्यंत तो काढायचा नाही, कडेला सूर्य डोकावला की लगेच पुन्हा घालायचा. नमाजची आठवण अम्मींनी मागून ओरडून दिली. मामूंनी सगळ्याला हो म्हटले आणि मग कॅलेंडर पाहून म्हणाले, “सोमवार येतोय. सुट्टी मिळते का बघतो.”